लझांद्रच्या बहुपदी

मनुष्याचें नांव त्याच्या मागें कोणत्या वस्तूस चिकटून राहील याचा नेम नाहीं. हापूस आंब्याची फोड तोंडांत टाकतांना पोर्तुगीज सरदार अफोन्सो द अल्बुकर्क याची आठवण कोणास होते? तरी त्या फळास त्याच्याच नांवाचा अपभ्रंश चिकटला असें जाणते लोक सांगतात. आमच्या अध्यापनाच्या विषयांत अशीं चिकटलेलीं नांवें विपुल आहेत, आणि त्यांतील एक नांव तर आम्ही गेलीं अठ्ठावीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों आहों. तें नांव आद्रियँ-मारी लझांद्र या फ्रेंच गणितज्ञाचें होय. आमचे विद्यार्थी त्याचा उच्चार ‘लिजेंडर’ असा करितात. खरा उच्चार आम्ही दरवर्षीं एकदां सांगतों, तो वहींत टिपूनहि घेतला जातो, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत पुन्हां लिजेंडर अवतरतो.

या गृहस्थाच्या नांवाचा प्रसार एवढा. परंतु त्याच्या चेहऱ्याची कथा मोठी विलक्षण आहे. कित्येक पिढ्या गणिताच्या पुस्तकांतून लझांद्र म्हणून जें चित्र छापलें जात होतें तें त्याचें नव्हतेंच. तें होतें लुई लझांद्र नांवाच्या एका राजकारणी पुरुषाचें. हा लुई धंद्यानें खाटीक, आणि फ्रेंच राज्यक्रांतींत पुढारीपण पावलेला. जन्म दोघांचाहि १७५२ सालचा, आडनांव एक, तेवढें पुरलें. ही अदलाबदल २००५ च्या सुमारास उघडकीस आली आणि २००९ सालीं तिची सविस्तर हकीकत प्रसिद्ध झाली. आतां आमच्या लझांद्रचें म्हणून जें एकच चित्र विश्वसनीय मानितात तें ब्वायी नांवाच्या चित्रकारानें १८२० सालीं काढलेलें व्यंगचित्र आहे. त्यांत केंस विस्कटलेले आणि मुद्रा त्रासलेली आहे. आमच्या विभागाच्या भिंतीवर खाटकाचेंच चित्र चौकटींत होतें. खरी हकीकत कळल्यावर तें उतरविण्यांत आलें. त्या रिकाम्या जागीं व्यंगचित्र लावणें विद्येच्या मंदिरास शोभेल कीं नाहीं यावर जी चर्चा सुरू झाली, ती अद्याप संपलेली नाहीं.

चेहरा त्रासलेला असावयास कारणें होतीं. घरची संपत्ति क्रांतीच्या धामधुमींत गेली. पुढें १८२४ सालीं विद्वत्परिषदेच्या एका निवडणुकींत सरकारच्या उमेदवारास मत देण्याचें नाकारल्यामुळें म्हातारपणीं त्याचें वेतन बंद झालें. आम्हां प्राध्यापक-वर्गास ही गोष्ट सांगतांना किंचित् चपापल्यासारखें होतें. पण स्वभाव कुढा नव्हता. ज्या विषयावर त्यानें चाळीस वर्षें खर्ची घातलीं त्या विषयांत आबेल आणि याकोबी या दोन पोरसवदा गणितज्ञांनीं त्याला एका उडींत मागें टाकिलें, तेव्हां सत्तरी उलटलेल्या या वृद्धानें त्यांचे शोध आपल्याच ग्रंथास पुरवणी म्हणून मोठ्या आनंदानें जोडले.

परंतु आज आम्हांला लिहावयाचें आहे तें त्याच्या बहुपदींविषयीं. त्यास निमित्त असें कीं, नव्या अभ्यासक्रमाचा जो मसुदा नुकताच आमच्या हातीं आला, त्यांत या प्रकरणाखालीं सूत्रें सगळीं जशींच्या तशीं ठेवून त्यांच्या परस्परलंबतेच्या प्रमेयापुढें कंसांत तीन शब्द घातले आहेत: ‘सिद्धता अपेक्षित नाहीं.’ हे तीन शब्द आम्हांस कां झोंबले तें सांगावयाचें, तर आधीं त्या बहुपदी काय आहेत हें सांगितलें पाहिजे. वाचकांनीं भिऊं नये. चिन्हांचा वर्षाव आम्ही करणार नाहीं.

मूळ प्रश्न पृथ्वीच्या आकाराचा. ती ध्रुवांपाशीं चपटी असावी हें न्यूटननें तर्कानें सांगितलें होतें, आणि १७३६ सालीं मोपेर्त्युई याची मंडळी लॅपलंडच्या बर्फांत जाऊन अंश मोजून आली तेव्हां तें मापानेंहि ठरलें. पृथ्वी अचूक गोल असती तर तिचें आकर्षण काढणें सोपें होतें. सगळें वस्तुमान मध्यबिंदूंत एकवटलें आहे असें धरून काम भागलें असतें. चपट्या पृथ्वीचें तसें नाहीं. तिच्या पोटांतील प्रत्येक कण बाहेरच्या बिंदूपासून निराळ्या अंतरावर, आणि हें अंतर हिशेबांत येतें तें छेदस्थानीं, तेंहि वर्गमूळाच्या पोटांत. अशा राशींची सबंध पृथ्वीभर बेरीज करावयाची म्हणजे डोंगर पोखरण्यासारखेंच होतें.

लझांद्रनें त्या छेदस्थ अंतराची मालिका केली. कण मध्यापासून जितका दूर, त्यास बाहेरच्या बिंदूच्या अंतरानें भागावें; या गुणोत्तराचे चढते घात एकामागून एक येतात, आणि प्रत्येक घाताबरोबर गुणक म्हणून कण व बिंदू यांच्यामधील कोनाच्या कोज्येची एक बहुपदी येते. या कोज्येस आपण क्ष म्हणूं. ती उणे १ पासून अधिक १ पर्यंत फिरते. गणिती लोक मोजणी शून्यापासून करितात, म्हणून शून्यावी बहुपदी नुसता १. पहिली नुसता क्ष. दुसरी अशी: क्षच्या वर्गाची तिप्पट करावी, तींतून १ वजा करावा, आणि निम्में करावें. तिसरी: क्षच्या घनाची पांचपट, वजा क्षची तिप्पट, आणि निम्में. पुढें याच चालीनें कितीहि. हा निबंध १७८५ सालीं छापला गेला. लाप्लासनें ही कल्पना उचलून तिचा एवढा विस्तार केला कीं इंग्रज ग्रंथकार बरींच वर्षें या बहुपदींस लाप्लासचे गुणक म्हणत. ज्या टॉडहंटरचीं गणितें आमच्या पणजोबांच्या पिढीनें सोडविलीं, त्याच्या १८७५ सालच्या पुस्तकाच्या नांवांतहि लाप्लासच आहे. म्हणजे चेहरा खाटकाकडे गेला तसें नांवहि सहकाऱ्याकडे जावयाचें, पण तें परत आलें.

आतां परस्परलंबता म्हणजे काय? पूर्व आणि उत्तर या दिशा एकमेकींस लंब आहेत. त्याचा व्यवहारांतला अर्थ इतकाच कीं, पूर्वेस चार पावलें अधिक टाकल्यानें आपण उत्तरेकडे एका बोटानेंहि सरकत नाहीं. एकीचा हिशेब दुसरीच्या हिशेबांत ढवळाढवळ करीत नाहीं. दोन दिशा लंब आहेत हें पाहण्याची रीत अशी कीं, दोघींचे घटक जोडीजोडीनें गुणावे आणि त्या गुणाकारांची बेरीज घ्यावी. ती शून्य आली कीं दिशा लंब. हीच कल्पना पुढें नेली तर दोन बहुपदीहि एकमेकींस लंब आहेत असें म्हणतां येतें. क्षच्या प्रत्येक स्थानीं दोघींच्या किंमती गुणावयाच्या आणि उणे १ पासून अधिक १ पर्यंत सर्वांची बेरीज, म्हणजे संकलन, करावयाचें. शून्यावी आणि दुसरी यांचें करून पाहा. क्षच्या वर्गाचें या मर्यादांमधील संकलन २/३ येतें, त्याची तिप्पट २. आणि १ चें संकलनहि २. दोहोंची वजाबाकी शून्य. लझांद्रच्या कोणत्याहि दोन भिन्न बहुपदी घ्या, उत्तर शून्यच.

याचा उपयोग काय, असें कोणी विचारील, तर एक लहानसें उदाहरण देतों. क्ष ऋण असला तरी धनच मोजावयाचा, असें एक फल घ्या. कागदावर त्याची आकृति इंग्रजी व्ही अक्षरासारखी होते. या टोंकदार आकृतीच्या शक्य तितकें जवळ गुळगुळीत बहुपदीनें जावयाचें आहे, आणि जवळीक मोजावयाची ती चुकांच्या वर्गांची बेरीज लहानांत लहान ठेवून. (ही रीतहि प्रथम छापली ती लझांद्रनेंच, १८०५ सालीं, आणि ‘मी ती आधींपासूनच वापरीत होतों’ असें म्हणून गाउसनें त्याला जो मनस्ताप दिला त्याची कथा निराळी.) केवळ एका स्थिर संख्येनें काम भागवावयाचें तर ती संख्या १/२ येते. आतां क्षच्या वर्गाची मदत घेण्याची परवानगी दिली, तर त्याचा गुणक १५/१६ येतो. परंतु आधींची १/२ आपली जागा सोडून ३/१६ होते! चौथा घात आणावा तर हे दोघेहि पुन्हां हलतात. एकत्र कुटुंबांत नवें माणूस आलें कीं पंगतींतल्या पाटापासून निजावयाच्या खोलीपर्यंत सर्वांच्या जागा बदलाव्या लागतात, तसें हें आहे. आतां तेंच काम लझांद्रच्या बहुपदींकडून करवून घ्या. शून्यावीचा गुणक १/२. दुसरी आली, तिचा गुणक ५/८. शून्यावीचा १/२ मात्र होता तेथेंच! चौथी आली, सहावी आली, तरी पूर्वी आलेल्यांच्या केसासहि धक्का नाहीं. बेरीज करून पाहिली तर दोन्ही वाटांनीं शेवटची बहुपदी एकच निघते. पण एका वाटेवर प्रत्येक पावलागणिक मागचें सगळें पुसावें लागतें, आणि दुसरीवर एकदां मिळविलेलें कायमचें मिळतें.

येथपर्यंतचा भाग नव्या मसुद्यांतहि राहील. गळावयाचा आहे तो पुढचा.

गेल्या वर्षीं शेवटच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, “सर, हें शून्य येतं, तें नुसतं येतं कीं यावंच लागतं?” अठ्ठावीस वर्षांत इतका नेमका प्रश्न आमच्या कानांवर क्वचित् आला असेल. शून्यावी आणि दुसरी यांचें संकलन आम्हीं वर करून दाखविलें. तिसरी आणि सातवीचें करून दाखवूं, दहावी आणि विसावीचें यंत्राकडून करवून घेऊं. पण अशीं हजार शून्यें मिळविलीं तरी ‘यावेंच लागतें’ हें त्यांतून सिद्ध होत नाहीं. त्यासाठीं समीकरणाकडे जावें लागतें.

लझांद्रची प्रत्येक बहुपदी एका अवकल समीकरणाचें पालन करिते. अवकल समीकरण म्हणजे एखादी राशि, तिच्या वाढीचा वेग, आणि त्या वेगाच्या वाढीचा वेग यांमधील नातें. हें नातें असें: बहुपदीच्या वाढीचा वेग घ्यावा, त्यास ‘एक वजा क्षवर्ग’ या राशीनें गुणावें, जें येईल त्याच्या वाढीचा वेग काढावा, आणि त्यांत मूळ बहुपदीची अमुकपट मिळवावी, उत्तर शून्य. ही ‘अमुकपट’ तेवढी प्रत्येकीची निराळी. शून्यावीची ०, पहिलीची २, दुसरीची ६, तिसरीची १२, चौथीची २०. म्हणजे तिचा अनुक्रम गुणिलें त्याच्या पुढचा अंक. ज्यांस कॉलेजांतील चलनकलन थोडें आठवत असेल त्यांनीं दुसरी बहुपदी घालून पाहावी. वेग येतो क्षची तिप्पट; गुणून पुन्हां वेग काढला कीं ३ वजा क्षवर्गाची नऊपट; आणि बहुपदीची सहापट केली कीं क्षवर्गाची नऊपट वजा ३. दोहोंची बेरीज शून्य होते.

आतां सिद्धता. दुसरी आणि तिसरी घेऊं. दुसरीच्या समीकरणास तिसरीनें गुणावें, तिसरीच्या समीकरणास दुसरीनें गुणावें, वजाबाकी करावी, आणि उणे १ पासून अधिक १ पर्यंत संकलन करावें. वेगांचे जे भाग आहेत ते एकमेकांस खाऊन टाकितात आणि मागें उरतें तें केवळ दोन टोंकांवरचें येणें. पण तें येणें ‘एक वजा क्षवर्ग’ यानें गुणलेलें आहे, आणि क्ष अधिक १ असो वा उणे १, ही राशि शून्य होते. म्हणजे टोंकांवर कांहींच उरत नाहीं. मग राहिलें काय? १२ वजा ६, गुणिलें दोघींच्या गुणाकाराचें संकलन. आणि हें सगळें मिळून शून्य. सहा ही संख्या तर शून्य नाहीं. तेव्हां संकलनासच शून्य व्हावें लागतें. जेथें ‘अमुकपट’ भिन्न तेथें लंबता आलीच.

दक्षिण मुंबईंत एल्फिन्स्टन संस्थेमध्यें शिकविणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनीं चलनकलनावरील आपल्या मराठी पुस्तकास ‘शून्यलब्धि’ असें नांव दिलें होतें. वरील सिद्धता फळ्यावर मांडतांना आम्हांस त्या नांवाची नेहमीं आठवण होते. येथें शून्य खरोखरच हातीं लागतें, आणि तें आकाशांतून पडत नाहीं, टोंकांवरून येतें. टोंकांवर शून्य कां? क्ष ही कोज्या आहे. अधिक १ म्हणजे गोलाचा उत्तर ध्रुव, उणे १ म्हणजे दक्षिण ध्रुव. गोलाला कांठ नसतो. ध्रुवावर उभें राहिल्यावर पुढें जावयास ‘पलीकडे’ असें कांहीं नाहीं, म्हणून तेथून कांहीं आंत येत नाहीं कीं बाहेर निसटत नाहीं. या बहुपदी एकमेकींच्या वाटेस जात नाहींत याचें मूळ कारण गोलाला कांठ नाहीं हें होय. ‘अमुकपट’ची संख्या २, ६, १२ यांऐवजीं दुसरी कोणतीहि, समजा ७, घातली तर काय होतें, हेंहि पाहण्यासारखें आहे. समीकरण सुटतें, पण उत्तर निदान एका ध्रुवावर तरी अनंतास जाऊन भिडतें. दोन्ही ध्रुवांवर शुद्धीवर राहणारीं उत्तरें हवीं असतील तर २, ६, १२, २० यांवांचून गति नाहीं. ही पायरी-पायरीनें चढण्याची संवय समीकरणाच्या अंगचीच आहे.

हा युक्तिवाद एकट्या लझांद्रपुरता नाहीं. स्तुर्म आणि ल्यूव्हील या जोडीनें १८३६-३७ सालीं त्यास सर्वसामान्य रूप दिलें. चेबिशेव्ह, एर्मीत, लागेर यांच्या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या बहुपदींचीं कुटुंबें याच न्यायानें चालतात. फक्त कोणाचें अंगण मर्यादित, कोणाचें एका बाजूनें मोकळें, तर एर्मीतचें दोन्ही दिशांनीं अनंतापर्यंत पसरलेलें. १९२९ सालीं बोखनरनें दाखविलें कीं या जातीच्या दुसऱ्या क्रमाच्या समीकरणांचें पालन करणाऱ्या बहुपदी मूठभर घराण्यांतच सांपडतात. काशीचे गणेश प्रसाद यांनीं १९३० च्या सुमारास या गोलीय फलांवर जो दोन भागांचा ग्रंथ इंग्रजींत लिहिला, तो एके काळीं आपल्याकडील गणिताच्या अभ्यासकांस वंद्य होता. पण घराण्यांची वंशावळ सांगत बसलों तर हा लेख संपावयाचा नाहीं.

त्यापेक्षां त्या दुसऱ्या बहुपदीकडे, क्षवर्गाची तिप्पट वजा १ या साध्या राशीकडे, पुन्हां वळूं. ज्यांच्या घरीं बारावीच्या विज्ञान-शाखेचें मूल असेल त्यांनीं त्याचें रसायनाचें पुस्तक मागून घ्यावें. त्यांत इलेक्ट्रॉनच्या ‘डी’ कक्षकांचीं पांच चित्रें असतात. चार चित्रांत चार-चार पाकळ्या. पांचवें मात्र चमत्कारिक: वर एक पाकळी, खालीं एक, आणि कमरेभोंवतीं एक कडें. मुलांना हें चित्र कां निराळें तें कोणी सांगत नाहीं. पाठ करावयास सांगतात. तें निराळें नाहीं. ती लझांद्रची दुसरी बहुपदी आहे. क्ष एक असतां ती मोठी, म्हणून ध्रुवांकडे पाकळ्या. क्ष शून्य असतां ती ऋण, म्हणून मध्यावर उलट चिन्हाचें कडें. आणि मधल्या एका कोनावर शून्य, म्हणून पाकळी आणि कडें यांमध्यें रिकामी जागा. १९२६ सालीं श्रेडिंगरनें हायड्रोजनच्या परमाणूचें समीकरण सोडविलें, तेव्हां कोनाचा भाग वेगळा काढतांच त्याच्यापुढें उभें राहिलें तें लझांद्रचेंच समीकरण, त्याच २, ६, १२ यांसकट. परमाणूच्या पायऱ्या त्याच.

आणि हीच दुसरी बहुपदी पृथ्वीचा चपटेपणा मोजते. विषुववृत्ताकडील त्रिज्या सुमारें ६३७८ किलोमीटर, ध्रुवाकडील सुमारें ६३५७. हा एकवीस किलोमीटरांचा फुगवटा गुरुत्वाकर्षणांत ज्या गुणकानें उतरतो तो सुमारें ०.००१०८३. उत्तर आणि दक्षिण सुमारें ३५ अंश अक्षांशांवर हें पद शून्य होतें. इलेक्ट्रॉनच्या पाकळी-कड्यांमधली ती रिकामी जागा येथें अक्षांश होऊन बसते. एकाच राशीनें दोन ठिकाणीं चाकरी करावी, एक पृथ्वीच्या पोटावर आणि दुसरी परमाणूच्या अंगणांत, आणि पॅरिसमध्यें बसून ती राशि मांडणाऱ्यास त्यांतील दुसऱ्या चाकरीची स्वप्नांतहि कल्पना नसावी, हें आम्हांस अठ्ठावीस वर्षांनंतरहि नवलाचें वाटतें.

१९५८ सालीं व्हॅनगार्ड हा लहानसा उपग्रह आकाशांत गेला. त्याच्या कक्षेंतील बारीक हेलकाव्यांवरून पुढल्याच वर्षीं तिसऱ्या बहुपदीचा गुणक निघाला आणि पृथ्वी अगदीं किंचित् पेरूसारखी आहे असें वर्तमानपत्रांनीं छापलें. (मूळ शब्द ‘पेअर’ म्हणजे नासपती, पण आमच्या डोळ्यांपुढें पेरूच येतो.) आकार कांहीं मीटरांनीं कमी-अधिक, एवढीच गोष्ट. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, तिसरी आली म्हणून दुसरीचा हिशेब मोडून पुन्हां मांडावा लागला नाहीं. प्रत्यक्ष मोजमापें तुटपुंजीं असतात, त्यामुळें व्यवहारांत हें सगळें इतकें निर्मळ राहत नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे; पण तत्त्व तेंच. २००८ सालच्या प्रसिद्ध गुरुत्व-प्रतिमानांत हा विस्तार २१५९ व्या पायरीपर्यंत नेलेला आहे; लझांद्रच्या बहुपदी आणि त्यांच्यापासून निघालेलीं सहचर फलें मिळून गुणकांची संख्या ४६ लाखांवर जाते. त्यांवरून सरासरी समुद्रपातळीचा जो नकाशा निघतो त्यांत जगांतील सर्वांत खोल खळगा आपल्याच दक्षिणेस, हिंदी महासागरांत आहे. तेथें पाण्याची पातळी आदर्श लंबगोलाच्या सुमारें १०६ मीटर खालीं असते. आमच्या मुंबई-पुण्याकडेहि ती साठ मीटरांहून अधिक खालींच आहे. आपण खळग्यांत राहतों, आणि तें आपणांस कळतें तें या बहुपदींमुळें.

आतां पुन्हां त्या तीन शब्दांकडे. समितीच्या बाजूनें बोलावयाचें तर तिच्यापुढें अडचणी खऱ्या आहेत. तासिका कमी झाल्या आहेत, विषय वाढले आहेत, आणि किंमती काढावयास यंत्रें घरोघरीं आहेत. ‘मुलांना वापरतां आलें म्हणजे झालें,’ असें समितींतील आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस मोकळेपणानें सांगितलें, आणि त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. पण वापर म्हणजे काय? यंत्रास दहावी आणि विसावी बहुपदी दिली तर तें शून्य सांगेल, किंवा शून्याजवळची एखादी बारीकशी संख्या सांगेल. ती बारीकशी संख्या म्हणजे यंत्राची घसरण कीं मांडणींतील चूक, हें कोण ठरविणार? ज्याला शून्य ‘यावेंच लागतें’ हें ठाऊक आहे तोच. शिवाय टोंकें बदललीं, गोलाऐवजीं गोलाचा तुकडा आला, कांठ उत्पन्न झाला, कीं लंबता मोडते. ती कोठें मोडेल हें सूत्र सांगत नाहीं, सिद्धता सांगते. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी तें पूर्वीच्याच भरंवशानें लावील आणि उत्तर सुबक अक्षरांत लिहील. अशा उत्तरपत्रिका आम्हीं पुष्कळ तपासल्या आहेत.

मसुद्यांत काय राखलें आहे तें पाहिलें म्हणजे अधिकच वाईट वाटतें. तीन लागोपाठच्या बहुपदींना जोडणारीं आवर्तन-सूत्रें आहेत, एकूण पांच. रॉद्रिगचें सूत्र आहे. (हा रॉद्रिग पुढें पेढीवाला झाला, १८१६ सालचें त्याचें सूत्र मोठें देखणें आहे, यांत संशय नाहीं.) परीक्षेंत हीं सूत्रें ‘लिहा’ म्हणून विचारतां येतात आणि गुण देणें सोपें जातें. आम्हांला वाटतें, यांतलीं चार सूत्रें खुशाल गाळावीं. तीं कोणत्याहि पुस्तकांत सांपडतात आणि यंत्राच्या तर पोटांतच असतात. जें यंत्राच्या पोटांत नाहीं तें ठेवावें. वर्षाच्या शेवटीं शंभरांतील वीस मुलांना जरी गोलाला कांठ नाहीं म्हणून शून्य येतें हें कळलें, तरी उरलेल्या ऐंशींचें त्यांत कांहीं बुडत नाहीं.

आम्हीं तसें पत्र समितीकडे पाठविलें आहे. ‘आपली सूचना विचारार्थ ठेवण्यांत येत आहे’ असें उत्तर आलें. विचाराच्या वेळीं उपयोगीं पडावा म्हणून आम्हीं त्या पत्राबरोबर एक हिशेबहि जोडला आहे: समीकरण मांडणें, परस्परांनीं गुणणें, वजाबाकी, संकलन आणि दोन टोंकांवरचें शून्य, इतकें सगळें एका फळ्यावर मावतें आणि प्रश्नोत्तरें धरून वीस मिनिटें लागतात. आम्हीं घड्याळ लावून पाहिलें आहे.